मॅडमची पेशी आणि पप्पांचा दमा

फळ्यावर पेशी काढली की आमच्या बायोलॉजीच्या मॅडम तिला दार काढायच्या. चक्क दार, कडीसकट. मग म्हणायच्या, "बाकीचे बरेच हार्मोन बाहेरून कडी वाजवून निरोप देतात. स्टेरॉइड हार्मोन सरळ घरात शिरतो."

तुम्हालाही असं कुणी शिकवलं असेल, पण कडी काढली असेल का सांगा. मॅडम कोकणातल्या, सिल्वासाला सरकारी नोकरीत आलेल्या. कुणाला उत्तर आलं नाही तर बाकाला टेकून म्हणायच्या, "बसलेय मी. घाई नाही." आणि खरंच बसायच्या.

मी बारावीत असताना पप्पांचा दमा वाढला. पप्पा धुळ्याकडचे, सिल्वासाजवळ राखोलीला प्लास्टिकच्या कंपनीत मोल्डिंग मशीनवर. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. सकाळी पहिला डोस घेतला आणि तासाभरात पप्पा चिडले. "काही फरक नाही. डुप्लिकेट माल दिसतो." उरलेल्या सगळ्या गोळ्या एकदम घ्यायच्या म्हणून पाणी मागायला लागले. आईचं ऐकेनात. मी पळत जाऊन मागच्या गल्लीतून मॅडमना घेऊन आले.

मॅडम समोर खुर्ची ओढून बसल्या. "भाऊ, गोळी पेशीच्या आत शिरते. तिथे एक प्रोटीन तिची वाट बघत असतं, रिसेप्टर. दोघं जोडीनं केंद्रकात जातात आणि जीनना सांगतात, हे बनवा, ते बंद करा. श्वासनळीत सूज आणणारा माल बंद व्हायला काही तास जातात."

"आपल्याला बटन दाबलं का पंखा फिरायला पाहिजे," पप्पा धापा टाकत म्हणाले.

"कंपनीत बादलीच्या जागी टोपली काढायची तर काय करता?"

"मोल्ड बदलावा लागतो. अर्धी शिफ्ट जाते."

"पाच मोल्ड एकदम आणले तर लवकर होतं?"

"येडा आहे का कोणी." पप्पांनी गोळ्यांची पुडी आईच्या हातात दिली.

दम वाढला तर रिक्षानं दवाखाना गाठायचा, असं ठरवून मॅडम तिथेच पेपर तपासत बसल्या. चार वाजता पप्पा पाठ टेकून झोपले, दोन दिवसांत पहिल्यांदा. तेव्हा त्या उठल्या.

पुढच्या वर्षी मॅडमची दमणला बदली झाली. स्टँडवर पप्पांनी हमालाला त्यांच्या ट्रंकेला हातच लावू दिला नाही. स्वतः शिडी चढून ती बसच्या टपावर ठेवली आणि दोरी आवळता आवळता वरूनच सांगत राहिले, दमणला खोली कुठे बघा, पाणी कुठे गोड आहे, मासळी कुणाकडून घ्या, कुणाकडून नको. मॅडम उन्हात डोळ्यांवर हात धरून ऐकत होत्या. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. पप्पांचं बोलणं संपेना, आणि मॅडमही त्यांना थांबवेनात.