कोणी न्हाई गेलं

"कोणी न्हाई गेलं हो. समदे हायेत घरी."

समोरच्याने तोंड उघडायच्या आत भाऊ हे सांगून टाकत आणि भुवईवरून एकदा अंगठा फिरवत. भुवई तिथे राहिलेली नव्हती, सवय तेवढी राहिली होती.

आमच्या मंठ्याच्या शाळेत ते क्लार्क होते आणि मी मराठी शिकवायचो. आपल्याकडे तुळतुळीत डोक्याचा माणूस दिसला की आपण आधी काय समजतो, ते तुम्हाला सांगायला नको. बाप गेला असेल, नाहीतर आई. एसटीत, रेशनच्या रांगेत, भर लग्नातसुद्धा लोक आवाज खाली आणून विचारायचे, "कोण गेलं?" भाऊंचे वडील बऱ्याचदा शेजारीच बसलेले असायचे.

सुरुवात डोक्यावरच्या, केस गेलेल्या रुपयाएवढ्या चट्ट्याने झाली. चाई लागली, कांदा चोळा, असं कुणीतरी सांगितलं. भाऊंनी चोळला. ऑफिसभर वास सुटला आणि आम्ही पोट धरून हसलो. चार महिन्यांत डोकं रिकामं झालं. तेव्हा मीच सगळ्यांसमोर म्हणालो, "काय भाऊ, तिरुपतीला जाऊन आलात अन् लाडू कुठंय?" ते हसले. त्या दिवशी डबा मात्र त्यांनी ऑफिसात एकट्याने खाल्ला. माझी ती कोटी मला आजही टोचते.

जालन्याच्या डॉक्टरांनी त्यांना समजावलं, हा रोग कुणाला लागत नाही, पण शरीरच आपल्या केसांना परकं समजून मारतंय.

"घरच्याच कुत्र्यानं घरधन्याला चावावं, तसं झालं बघा सर," भाऊ मला म्हणाले.

"जाऊ द्या हो. केसांवाचून काय अडलंय?"

"माझं न्हाई अडलं. आबाचं अडलंय."

वडील ऐंशी पार केलेले आणि भाऊ एकुलते एक. बाप गेल्यावर दहाव्याला मुलाने केस द्यायचे असतात. "माझ्या दहाव्यापुरते तरी येऊ दे रे," असं आबा रोज म्हणायचे. तेवढ्यासाठी भाऊ दर महिन्याला जालन्याला जाऊन डोक्यात सुया टोचून घेत.

एकदा खरंच पांढरी लव आली. भाऊ धावत स्टाफरूममध्ये आले आणि माझ्यापुढे वाकले. "हात लावून बघा सर. आबानंबी बघितलं." मी हात लावला. लहान बाळाच्या टाळूसारखं मऊ लागलं. मला भाऊंपेक्षा जास्त आनंद झाला होता.

महिनाभरात ती लव गळाली. मागोमाग भुवया आणि पापण्याही गेल्या. भाऊंनी जालन्याला जाणं बंद केलं.

आबा थंडीत गेले. दहाव्याला आम्ही नदीवर होतो. न्हाव्याने भाऊंच्या डोक्याला पाणी लावलं आणि वस्तरा हातात धरून तो नुसताच बसला.

"नुसता फिरवू का भाऊ?" त्याने हळूच विचारलं.

"फिरव. आबा वाट पाहून राह्यले."

वस्तरा कानापासून कानापर्यंत फिरला. खाली पाणीच पडलं. भाऊ त्या ओल्या मातीकडे बघत बसले. मला बघवलं नाही.

भाऊ कामावर आले. डोकं होतं तसंच होतं. मंठ्यात आता सगळ्यांना ते माहीत झालेलं, त्यामुळे कुणीच काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या कामासाठी आम्ही दोघे स्टँडवर जालन्याच्या गाडीची वाट पाहत होतो. बाकावर शेजारी बसलेला एक परगावचा म्हातारा भाऊंकडे सरकला.

"कोण गेलं, बाबा?"

"कोणी न्हाई गेलं हो. समदे हायेत..."

अंगठा भुवईकडे निघाला होता. तो अर्ध्यातच थांबला.

गाडी लागली, भरली आणि निघून गेली. भाऊ उठले नाहीत.