हिरव्यात बसवलेला काटा

वारंगा फाट्यावर माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. "ह्या मिस्त्रीच्या हाताला गुण हाय," असं कुणी म्हटलं की आताशा मी तोंड फिरवतो. तो गुण कसला होता, हे मी घरातसुद्धा कधी बोललो नाही. आता बोलतो.

जुन्या ट्रॅक्टरांचा एक दलाल माझ्याकडे गाड्या आणायचा. विकायच्या आधी डॅशबोर्डवरचे मीटर चालू करून द्यायचे, एवढंच माझं काम. एकदा त्यानं आणलेल्या ट्रॅक्टरच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या, आत त्यांच्या मुताचा वास कोंडलेला. बॅटरीचा काटा जागेवर आला, ऑइलचा आला. टेंपरेचरचा मात्र हलेना. इंजिनातलं पाणी किती तापलंय हे सांगणारा सेन्सर गंजून आतल्या आतच तुटला होता. तो ड्रिल मारून काढायचा, आटे साफ करायचे, नवा बसवायचा. चांगला अर्धा दिवस मोडतो.

"गिऱ्हाईक येऊन राहिलंय," दलाल म्हणाला. "काटा हिरव्या पट्ट्यात आण, बस झालं."

मी मीटरच्या मागं सेन्सरच्या वायरीऐवजी करंट अडवणारा चण्याएवढा रेझिस्टन्स जोडला, त्याच्या दुसऱ्या टोकाला पत्र्याचं अर्थिंग दिलं आणि वरून टेप गुंडाळली. आता चावी फिरवली की काटा थेट हिरव्यात. इंजिन गार असो नाहीतर पेटायला आलेलं असो, तो तिथंच. दहा मिनिटांचं काम. पहिल्यांदा करत होतो असंही नाही.

गिऱ्हाईक म्हणजे कळमनुरीकडचं मेंढरं राखणारं नवरा-बायकोचं जोडपं. थोडी शेती होती, ती आता ट्रॅक्टरनं करायची होती. आमच्याकडे दलालाच्या शब्दावर कुणी जुना ट्रॅक्टर घेत नाही. मिस्त्रीला बॉनेटवर हात ठेवायला लावतात आणि "बराबर हाय" म्हणवून घेतात. मी हात ठेवला आणि तसं म्हणालो.

"मेंढरू आजारी हाय का, ते मी डोळे पाहून सांगतो," नवरा म्हणाला. "ह्याचे डोळे कोणते, मिस्त्री?"

मी काट्याकडे बोट दाखवलं. "हा हिरव्यात हाय तवर फिकीर न्हाई. बाकी काई बघू नका."

त्यानं चावी फिरवली, काटा उभा राहिला, तशी स्वारी खूश झाली. "लगेच हजर! आमच्या हिला चार हाका माराव्या लागतात."

"मला कवा चावी लावली तुमी?" बाई म्हणाली.

सगळे हसले, मीही हसलो. खरा काटा असा पळत येत नाही. इंजिन तापेल तसा तो सावकाश चढतो. हे तिथं दोघांनाच माहीत होतं, दलालाला आणि मला. बाईनं मीटरच्या काचेला कुंकू लावलं. नारळ मलाच फोडायला सांगितला. मी फोडला आणि खोबरं खाल्लं.

दोनेक महिन्यांनी तो मेंढरंवाला दुकानात आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी, गालाची कातडी सोलून निघालेली, वरून चोपडलेलं पिवळं मलम. ट्रॅक्टरमागं रोटाव्हेटर लावून ढेकळं फोडत होता. बायको बांधावरून ओरडली, "जळका वास येऊन राहिलाय!" ह्यानं काटा पाहिला. हिरव्यात. आणखी दोन फेऱ्या मारल्या. मग पाणी तरी बघावं म्हणून ट्रॅक्टर थांबवला, रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि उकळतं पाणी अंगावर आलं.

"काटा तर हिरव्यातच होता, मिस्त्री. माझंच काई चुकलं असंल."

आणि मी काय म्हणालो? "तापल्या इंजिनचं झाकण असं उघडतात का?" वर त्याला झापलं. तो मान खाली घालून म्हणाला, "व्हय, चुकलंच." मी चहा मागवला. तो डाव्या हातानं प्याला. मलमाच्या वासात मीही प्यालो. तो गेल्यावर दुकानामागं जाऊन ओकलो. ओकून बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच जास्त किळस आली.

तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी हत्यारं आणि नवा सेन्सर घेऊन त्याच्या घरी गेलो. दोघांना समोर उभं करून पॅनल खोललं, टेप सोडली, तो रेझिस्टन्स तळहातावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मी खाली मान घालून तुटका सेन्सर काढायला लागलो. दुपार कलली तेव्हा तुटका तुकडा निघाला.

नवा बसवण्याआधी तपासायचा होता. बाईला पातेलंभर पाणी उकळायला सांगितलं. सेन्सरला लांब वायर जोडली, अर्थिंग दिलं आणि तो वाफाळत्या पाण्यात सोडला. पातेलं जवळ आणताच नवरा तीन पावलं मागं सरकला. काटा हळूहळू चढून लाल पट्ट्याला टेकला.

"आता खरा हाय?" त्यानं लांबूनच विचारलं.

"व्हय."

"मंग तवा काहून न्हाई केलं?"

"अर्धा दिवस लागला असता."

तो मारेल असं वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. बोलली ती बाई.

"असं अजून कितीजणांचं केलं?"

ह्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. "आठवावं लागंल," म्हणालो. ती उंबऱ्यावर बसली. "आठवा मंग."

हट्टा गावचा एक शेतकरी आठवला. कनेरगाव नाक्याचा एक. मग आणखी आठवायला लागले.

"फोन लावा. इथंच, आमच्यासमोर."

मी हट्ट्याच्या शेतकऱ्याचा नंबर लावला. पलीकडून ओळखीचा, आनंदी आवाज आला, "बोला मिस्त्री, आज कशी काय आठवण झाली?"

"आधी एक ऐका," मी म्हणालो. "काटा काई बी दाखवू दे, रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका."