भगतिणीची पावर काढायची का?

गेल्या रविवारी मुरबाडला आमच्या पडवीत माझं डोकं पार फिरलं. कारण काय, तर गेममध्ये कुणी मरतच नव्हतं!

थांबा, नीट सांगतो. मी, संतोष आणि मंगल रोलप्लेइंग गेम खेळतो. मी गोष्ट सांगतो, ते दोघं त्यातली पात्रं होतात आणि कुणाला काय जमलं ते फासे ठरवतात. फासे उडून अंगणात जातात म्हणून ते सुपात टाकायचे... आई दर वेळी शिव्या घालते.

पात्रं मीच आपल्याकडची केली. पैलवान, शिकारी, मंत्र-झाडपाल्याने बरं करणारा भगत. मंगलने भगतीण घेतली. खऱ्या आयुष्यात मंगल डोळखांबकडच्या एका पाड्यावर नर्स आहे. दिवसभर लोकांना सांगते, आधी भगताकडे जाऊ नका, आणि इथे स्वतःच भगतीण! किती चिडवलं तिला.

पण माझा शहाणपणा नडला. भगतिणीने हात लावला की कुठलीही जखम बरी, असं ठरवून बसलो आणि त्याला मर्यादाच ठेवली नाही. राक्षस पैलवानाला आडवा करतो, मंगल हात लावते, पैलवान परत उभा...

पैलवान म्हणजे संतोष. तो वैतागला. "मरायची भीतीच नाय, तर खेळायचं कशाला? मी नाय येत पुढच्या टायमाला." तो गेला की गेमच बंद.

घाईघाईत मी जाहीर केलं, भगतिणीची पावर दिवसातून एकदाच. विषय संपला.

मंगल सूप बाजूला सारून म्हणाली, "माझ्याकडं रोजच कायतरी संपलेलं असतं रे. कधी औषध नाय, कधी गाडी नाय. शहापूरच्या दवाखान्यात न्या, एवढंच सांगते. रविवारी तरी संपू नये म्हणून ही भगतीण घेतली."

आता बोला! ऐकायचं कुणाचं? दोघांचंही पटत होतं...

शेवटी संतोषच मान खाली घालून पुटपुटला, "राहू दे तिची पावर. माणसं नको मारू. बाकी काय पायजे ते ने."

मग मी बाकी सगळं नेलं. राक्षसांनी धरण फोडलं, उभं भात वाहून गेलं, बैल गेले, अख्खं गाव पाण्याखाली गेलं. सुपात एक फासा धड पडेना, संतोष घामाघूम. इतकं वाईट आम्ही कधीच हरलो नव्हतो.

मंगलची भगतीण मात्र टेकडीवर पोचलेल्या एकेका माणसाला हात लावत फिरत होती. "सगळी हायत ना?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, हो, सगळी आहेत. आणि ती अशी काही हसली...

संतोष पुढच्या रविवारी येतोय. आम्ही हरलो की जिंकलो, हे मला अजून समजलेलं नाही. पण गो मंगल, तू आमच्यात खेळतेस ना, लय बरं वाटतं.