एल्डनच्या पिकअपचं मागचं चाक

एल्डन व्हॉसची पिकअप चढावर अडली की तिचा आवाज थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मागचं उजवं चाक बर्फावर भिंगरीसारखं फिरत राहायचं, आणि डावं, चांगलं मुरमावर टेकलेलं, जागचं हलायचं नाही. मी हातातलं काम टाकायची, बूट चढवायची आणि ट्रॅक्टर काढायची. इडाहोच्या या कोपऱ्यात त्याला हाकेच्या अंतरावर मीच एकटी होते. त्याचं घर खाली ओढ्याकाठी, माझं वर सडकेला लागून. मध्ये तो चढ.

अडून चालण्यासारखं नव्हतं. त्याची बायको कॉर्लिस हिची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा तिला गावातल्या केंद्रात रक्त शुद्ध करून घ्यायला न्यावं लागे. पायही अधू झाले होते. एल्डनने पिकअपची बाजूची सीट दाराबाहेर वळेल अशी स्वतः बनवून घेतली होती. चाकांच्या खुर्चीवरून ती अलगद त्या सीटवर सरकायची. दुसऱ्या कुठल्या गाडीत ती चढूच शकत नव्हती. म्हणून गाडी जुनी असली, जोर फक्त मागच्या चाकांना असला, तरी तीच चालवायची.

बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या होत्या की. पण एल्डनची बोटं संधिवाताने वाकडी झालेली. बर्फात गुडघे टेकून साखळीची कडी अडकवता अडकवता तो रडकुंडीला यायचा. चाकांवर वजन यावं म्हणून मागे वाळूची पोतीही टाकून झाली होती.

शेवटी तो गॅरेजवाल्या लायलकडे गेला. मीही सोबत होते. लायलने गाडी वर उचलली, मागच्या धुऱ्याच्या मधल्या गोल पेटीवर टिचकी मारली.

"सगळी मेख इथे आहे, एल्डन. तुमचं डिफरन्शियल साधं आहे. जे चाक घसरतं, त्यालाच फिरू देतं."

"मग दोन्ही चाकांना कामाला लाव ना!"

"लावतो. पण कसं, ते तुम्ही ठरवा. लॉकर बसवलं, तर ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही चाकं एकमेकांना जखडली. एक हवेत असलं तरी दुसरं ओढणार म्हणजे ओढणार."

"झालं तर मग!"

"ऐका तर. निसरड्यावर दोन्ही चाकं एकदम घसरली, तर गाडीचा मागचा भाग उताराच्या बाजूला सरकतो. आणि तुमच्या चढाला उताराच्या बाजूला काय आहे?"

उताराच्या बाजूला ओढा होता.

"दुसरं आहे लिमिटेड स्लिप," लायल म्हणाला. "त्यात चकत्या असतात. त्या थोडा जोर दुसऱ्या चाकाकडे वळवतात. स्वभावाने गरीब. पण एक चाक अधांतरी लटकलं, तर त्याच्याने काही होत नाही."

"बटण दाबलं की लॉक होणारंही असतं ना?" मी विचारलं.

"असतं. पण या जुन्या धुऱ्याला बसेल असं आता कुणी बनवत नाही, व्हर्ना. मी सगळीकडे फोन करून बसलोय."

त्यानंतरचे काही आठवडे एल्डनने भेटेल त्याला विचारलं. गावातल्या कॉफीच्या टेबलावर दोन तट पडले. लाकूडवाले म्हणाले, लॉकरच; दूधवाला म्हणाला, लॉकरने माझी गाडी कुंपणात नेली. जो तो छातीठोकपणे बोलायचा, आणि घरी येईपर्यंत एल्डनचा गोंधळ दुप्पट व्हायचा.

"तू सांग," तो शेवटी कॉर्लिसला म्हणाला.

"मला काय कळतंय त्यातलं?" ती म्हणाली. "ओढ्यात पडू नकोस म्हणजे झालं. मला पोहता येत नाही, आणि तुला पोहताना बघवत नाही."

तो हसला आणि लिमिटेड स्लिप घेऊन आला.

पहिला हिवाळा सुखाचा गेला. पिकअप किंचित कुरकुरत चढ चढायची, वर आली की एल्डन हॉर्न वाजवायचा आणि मी खिडकीतून हात करायची. लायलला त्याने हकलबेरीची रानफळं भरून घरी भाजलेली पेस्ट्री नेऊन दिली.

मग मार्चमध्ये बर्फ एकदम वितळलं. रस्त्याखालची पाण्याची मोरी खचली आणि रस्त्यावर तिरपी घळ पडली. त्या घळीत पिकअप अशी अडकली की उजवं चाक अधांतरी. एल्डनने लायलने शिकवलेली युक्ती केली, जोर दुसऱ्या चाकाकडे वळावा म्हणून हँडब्रेक हलका ओढून धरला. गाडी तसूभर सरकली आणि परत बसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि नेमकी त्या दिवशी मी चारा आणायला बहिणीच्या गावी गेले होते, ट्रॅक्टर घेऊन. चढावर फोन लागत नाही. कॉर्लिसला गाडीतच ठेवून तो माझ्या दारापर्यंत चालत आला, दार वाजवत राहिला, मग सडकेवर उभा राहिला. पिकअप ओढून काढणारं कुणी भेटेपर्यंत केंद्रातली तिची वेळ टळली होती. दुसऱ्या दिवशी घेतलं त्यांनी तिला, पण तोवर तिला श्वास लागला होता, पाय सुजून खांबासारखे झाले होते.

"लॉकर घातलं असतं तर निघाली असती गाडी," एल्डन मला म्हणाला. निघाली असतीच.

उन्हाळ्यात त्याने लिमिटेड स्लिप काढून लॉकर बसवलं. लायलने पुन्हा एकदा बजावलं. "मग काय करू, बाबा?" एल्डन ओरडला. "तूच सांग ना!" लायलने मान खाली घालून नट खोलायचे पाने उचलले.

डिसेंबरात पाऊस पडून रस्त्यावर पाणी गोठलं, काचेसारखं. सकाळी मी माझ्या दारातून बघत होते. पिकअप अर्ध्या चढापर्यंत छान आली. मग तिची शेपटी हळूच, अगदी सावकाश, ओढ्याकडे वळायला लागली. एल्डनने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला. तरीही ती सरकतच राहिली. मी ओरडत पळाले, आणि पळताना कळत होतं की मी पोचून काही होणार नाही. काठावरच्या आल्डरच्या झाडाला टेकून गाडी थांबली.

मी दार उघडलं, तेव्हा कॉर्लिसने एल्डनचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"पुरे झालं," ती म्हणाली. "मला गावात घर बघ."

"गाडीचं काहीतरी करतो मी. रस्ताच सरळ करून..."

"एल्डन, गाडीचं काही करू नकोस आता."

ते गावात राहायला गेले, केंद्रापासून जवळ, खालच्या मजल्यावर. ओढ्याकाठचं घर बंद आहे. मी अधूनमधून नळ गोठले नाहीत ना, ते बघून येते. गावातल्या सपाट रस्त्यावर पिकअप वळताना मागून लॉकरचा खट्‌ असा आवाज येतो आणि फुटपाथवरचे लोक वळून बघतात.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते, तर कॉर्लिस झोपली होती. एल्डनने कॉफी ओतली आणि हळूच विचारलं, "व्हर्ना, खरं सांग. काय बसवायला हवं होतं?"

एकाने घळीत अडकवलं होतं, दुसऱ्याने ओढ्याकडे नेलं होतं. मला खरंच सांगता आलं नाही. मग त्याने विषय बदलला आणि माझ्या गाईंची चौकशी केली.