बॉबिनचा उजवा कान

तिच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिच्या कानांमुळे. कोटाची चेन बदलायला मी तिच्या शिवणकामाच्या दुकानात गेले होते. डाव्या कानात इअरफोन, उजवा मोकळा.

"बाई, हा गाण्याचा आणि हा गिऱ्हाइकांचा," मशीन न थांबवता ती म्हणाली.

चौघा पोरांचा एक छोटा बँड, फारसा कुणाला ठाऊक नसलेला, तिचा जीव की प्राण. त्यांच्या चाहत्यांचा फोनवरचा गट तिनेच काढलेला; बँडमधली पोरंही त्यात होती. तिथे तिचं नाव बॉबिन. नव्या गाण्याची कुणकुण लागली की पहिली बातमी बॉबिनची, असा शिरस्ताच होता. मग खारूताई नावाची कुणी गटात आली आणि तीच आधी सांगू लागली.

"ड्रमवाल्याने तिला बदाम पाठवला," माझ्या बाहीला टाचण्या लावताना बॉबिन म्हणाली. "काल आली, आणि लाल बदाम. मला इतक्या वर्षांत एक अंगठा."

"अंगठा वाईट असतो का?"

"अंगठा काय, दूधवाल्यालाही देतात, बाई."

एका दुपारी मी तिथे असतानाच बँडने येणाऱ्या गाण्याचा छोटासा तुकडा टाकला. तिने तो ऐकला आणि घाईघाईने लिहिलं, 'नव्या गाण्यात ड्रम नाहीत.' खारूताईच्या आधी. चेहरा असा खुलला, की निकालाच्या दिवशीच्या माझ्या वर्गातल्या मुली आठवल्या.

गटात रडारड सुरू झाली. ड्रमवाल्याला निरोपाचे संदेश गेले. शेवटी खुद्द त्यानेच लिहिलं, 'मग मी तिथे काय भाजी निवडत होतो?'

त्या तुकड्यात ड्रम नेमके उजव्या बाजूच्या इअरफोनमधून वाजत होते. तो कान गिऱ्हाइकांचा.

सगळे हसत सुटले. खारूताईने तेवढं लिहिलं, 'हसू नका. तिचा एक कान दुकानासाठी असतो.'

बॉबिनने फोन उपडा ठेवला. "मी कधीतरी सांगितलं होतं गटावर. हिने लक्षात ठेवलंय."

"मग चांगली आहे की मुलगी."

"तेच तर. वाईट असती तर किती बरं झालं असतं."

ते गाणं येऊनही आता बरेच दिवस झाले. हल्ली बँडचं नवं काही आलं की बॉबिन मशीन बंद करते, दोन्ही कानांत इअरफोन घालते आणि गिऱ्हाईक ताटकळत उभं राहतं. बातमी तरी खारूताईच आधी देते. बॉबिन गटात सगळ्यांना बदाम पाठवते, खारूताईला अंगठा.