जाऊबाई शिकवायला जातात

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या नूतनवहिनींना गुडघेदुखी, डोकेदुखी असलं काही नाही. त्यांचं दुखणं एकच, आणि ते वरच्या मजल्यावर राहतं. योगिता. धाकटी जाऊ.

तसं दोघींचं भांडण नाही. भांडण परवडलं, ते मिटतं तरी. दिवाळीला योगितानं दोन दारांचा फ्रिज घेतला. वहिनी वर जाऊन बघून आल्या. एक दार उघडलं, लावलं, दुसरं उघडलं आणि म्हणाल्या, "आत ठेवायला आहे ना काही?" तेव्हापासून दोघींचं बोलणं "मोटर लावली का?" आणि "पाणी आलं का?" एवढ्यावर आलं.

वहिनी घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवतात. मार्केटातून टेम्पो येतो, गठ्ठा टाकतो, झाला की घेऊन जातो. योगिताही हेच करायची. एक दिवस तिनं गठ्ठा घेणं बंद केलं आणि रोज दुपारी अंगात पांढरा कोट, हातात फाइल अशा थाटात पर्वत पाटियाकडे जाणाऱ्या रिक्षात बसू लागली. वहिनी खिडकीतून बघत राहिल्या. त्या आठवड्यात वहिनींच्या साड्यांवरचे बरेच मोर डोळ्यांविना मार्केटात परत गेले.

आता विचारायचं कोणाला? योगिताला? त्यापेक्षा जीभ तोडलेली बरी. वहिनींनी समोरच्या जागृतीबेनना गाठलं. त्या पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "योगिताबेन? ए तो शीखवा जाय छे ने! दवाखानानुं बधुं!"

गुजरातीत 'शीखवुं' म्हणजे शिकणं. इतकी वर्षं सुरतेत काढलेल्या वहिनींना हे ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? पण मत्सराचे कान वेगळे असतात. ते सोयीची भाषा ऐकतात. वहिनींच्या कानात तो शब्द शुद्ध मराठी होऊन शिरला: योगिता शिकवायला जाते!

"ऐकलं का?" संध्याकाळी त्यांनी नवऱ्यापुढे, हिलालभाऊंपुढे, ताट आदळलं. "ती शिकवायला जाते."

"कोन?"

"तुमच्या भावाची बायको, दुसरं कोण! गणितात दोनदा आपटलेली बाई मास्तरीण झाली. आणि पारोळ्याच्या शाळेत दहावीला फर्स्ट क्लास आलेली मी मोरांना डोळे लावतेय!"

हिलालभाऊंचा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात गेला. त्या खडखडाटात बोलायची सवय, म्हणून ते घरातही ओरडूनच बोलतात. "मंग तू बी जाय ना शाळात! तुले कोन नही म्हनी ऱ्हायनं?"

"हळू! वर ऐकू जाईल."

"येडी व्हयनी का? इतला वर कसा जाई आवाज!"

वर कुणीतरी खुर्ची सरकवली.

लेक स्नेहा मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "मम्मी, जाना मत. तेरी रॅगिंग होगी."

पण शाळा वहिनींच्या डोक्यात बसली ती बसलीच. या वयात बाकावर मांडी कशी मावायची, चष्म्याशिवाय फळा कसा दिसायचा, गठ्ठे कोण करायचं, या सगळ्या प्रश्नांवर त्यांच्याकडे उत्तर एकच: "ती शिकवते, तर मला शिकता येणार नाही?" फक्त योगिताच्या हाताखाली नको. तिच्या वर कोणी मोठी बाई असेल, तिच्याकडे.

आणि एका दुपारी लग्नाची साडी नेसून वहिनी पर्वत पाटियाला, योगिता जाते त्या नर्सिंगच्या क्लासच्या दारात उभ्या राहिल्या.

टेबलापाशी भलत्याच कोणी गायत्रीबेन होत्या. योगिता बाकांमध्ये उभी होती, शेजारणीच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा बांधत. "ऊंधो!" गायत्रीबेन कडाडल्या. "योगिताबेन, पट्टो फरी ऊंधो! छोडो, बीजी वार बांधो."

वहिनींना क्षणभर कळेना. मग कळलं, आणि वैशाखात माठातलं पाणी प्यावं तसं झालं. मास्तरीण कसली, विद्यार्थिनी! तीही ढ! पट्टासुद्धा उलटा बांधते!

काम झालं होतं. आता घरी जाऊन मोरांना सुखानं डोळे लावायचे. पण पाय निघेना. गायत्रीबेन योगिताजवळ गेल्या, तिचा हात धरून नळी कुठे यायला हवी ते दाखवलं. योगितानं सोडून पुन्हा बांधला. आता जमला. कानात नळ्या घालून ती ठोके ऐकायला लागली आणि एकदम लहान पोरीसारखी हसली.

वहिनी जळून कोळसा झाल्या. फ्रिजच्या वेळी इतक्या जळल्या नव्हत्या. बोलणी त्यांनीही जन्मभर खाल्ली होती, मीठ जास्त, डिंक कमी, पोळी जाड. पण चुकलीस म्हणून कोणी हात धरून दाखवलंय, पुन्हा कर म्हटलंय? योगिताला रागावणारं माणूस मिळालं होतं. आणि आपल्याला?

"बेन, कोनुं काम छे?" गायत्रीबेननी दाराकडे बघून विचारलं.

योगिता वळली, तिचा चेहरा उतरला. "ताई! घरी काही झालं का?"

"घरी काय व्हायचंय? सरक तिकडे."

वहिनी बाकावर बसल्या. नाव घालायचंय, फर्स्ट क्लास आहे, असं त्यांनी गायत्रीबेनना सांगितलं आणि जावेला म्हणाल्या, "हात कर पुढे."

योगितानं दंड पुढे केला. वहिनींनी स्टोन चिकटवणाऱ्या बोटांनी नीट, कडक पट्टा बांधला.

"ऊंधो!"

गायत्रीबेन योगितावर ओरडल्या होत्या त्याहून जास्त मोठ्यानं ओरडल्या, असं वहिनी अजूनही सगळ्यांना सांगतात.