गाभण पाकट आणि वहिनीचा डोहाळा

खालापूरचा बाजार, सत्तरच्या दशकातला... मी तेव्हा शाळेत. पेणकडून एसटीनं येणाऱ्या पारूबाई कोळणीकडून आईनं चांगलं फुगीर पाकट घेतलं. तोच तो चपटा, लांब शेपटीचा मासा.

वहिनीला सातवा महिना, आणि तिला गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, खावीशी वाटत होती. पोट फुगलंय म्हणजे आत गाबोळी, हा आम्हा डोंगराकडच्यांचा हिशोब. नदीतले मासे बघून शिकलेलो ना आम्ही!

आईनं विळीवर पोट चिरलं आणि तिचा हातच थांबला. आत अंडी नव्हतीच... अख्खी पिल्लं होती, पंख दुमडलेली, इवल्या शेपट्यांची.

"वहिनीला दाखवू नको गं," आई मला पुटपुटली. पण वहिनी मागेच उभी होती. म्हणाली, "धम्माची दीक्षा घेतली तवाच शकुन-अपशकुन सोडला ना आपण, आत्याबाई. पण ही पिल्लं हायत."

पुढच्या बाजाराला ती थेट पारूबाईसमोर, असली पोटात पिल्लं असलेली पाकटं आणू नको म्हणाली. पारूबाई म्हणाली, जाळ्यात येतं ते आणते, आणि फुगीर पाकट तर तुम्हीच आधी मागता... खरंच होतं की ते.

मग वहिनीनं हुकमाचा एक्का काढला. "मला डोहाळा लागलाय, पारूबाई. गाभण पाकट जितं गावलं तर परत पाण्यात सोडायचं."

बायका चाटच पडल्या. खायचा डोहाळा सगळ्यांना ठाऊक, सोडायचा कुणी ऐकलेला? पण पोटुशीचा डोहाळा मोडायला कोण धजणार... पारूबाईनं मान डोलावली.

पुढचे काही बाजार झाले, पण पारूबाईकडून पाकट सोडल्याची खबर आली नाही. वहिनीचे दिवस भरत आलेले. बाळ झालं की डोहाळा संपला, मग कोण ऐकतंय, या काळजीनं ती नुसती झुरत होती.

आणि एक दिवस पारूबाई बाजारात न बसता टोपलीसकट आमच्या दारात! "सोरलं गो बाय. माज्या दादल्यानं जाल्यातून मोकलं केलं, सरसर खाली गेलं."

वहिनी लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. आई चहा टाकायला धावली, आणि मी आळीभर सांगत सुटले.

आता वाचते, पाकटं कमी होत चाललीत. एका खेपेला मोजकीच पिल्लं, तीही वाढायच्या आत जाळ्यात... मी फुगीर पाकट घेत नाही, आणि कोळणीला सांगते, जिवंत असेल तर सोडायला सांग गं घरी.

वहिनी, तुझ्यामुळे एक आई समुद्रात परत गेली. तिची नातवंडं-पतवंडं अजून तिथे पोहत असतील, या नुसत्या विचारानं मला आजही जाम आनंद होतो.